नायट्रोजनचा कॅन, तीन स्क्रू आणि एक रिंग

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी मावसभावाचा फोन आला. कसा आहेस, काय चाललंय, काही नाही. थेट म्हणाला, "गाडीला गिऱ्हाईक बघ." मोटरसायकल घेऊन जेमतेम सात महिने झाले होते.

दादा जनावरांचा डॉक्टर आहे. राहतो भोरला, पण काम बहुतेक हिर्डोशी खोऱ्यात, म्हणजे जुन्या हिर्डस मावळात. भोरहून महाडच्या दिशेने निघालं की पुढे नीरा-देवघर धरणाचं पाणी लागतं आणि त्या पाण्याच्या कडेकडेने रस्ता वरंधा घाटाकडे जातो. पावसाळ्यात हा घाट अवजड वाहनांना बंद ठेवायची वेळ येते. पाऊस सरला की डांबराचं काय उरलंय ते दिसतं: खड्डे, खड्ड्यांवरची ठिगळं, ठिगळांच्या कडा, खचलेल्या साइडपट्ट्या आणि वळणावळणावर वाहून आलेली खडी. वस्त्यांवर जाणारे फाटे याहून वाईट.

या रस्त्यावर दादा एकटा जात नाही. गाडीच्या मागच्या कॅरिअरवर ट्यूबच्या पट्ट्यांनी उभा बांधलेला तीन लिटरचा नायट्रोजनचा कॅन असतो. त्यात उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये कृत्रिम रेतनाच्या रेतमात्रा बुडवून ठेवलेल्या. कॅन आडवा झाला की नायट्रोजन उडून जातो, नायट्रोजन गेला की माल गेला. वेळेचंही बंधन असतंच. गाय सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे फोन आला की निघायचं, रस्ता कसाही असो.

आदल्या शुक्रवारी उताराच्या एका वळणावर समोर म्हैस आली. दादाने ब्रेक मारले, मागचं चाक खडीवर जाम झालं, गाडी आडवी फिरली आणि साइडपट्टीत जाऊन कलंडली. दादाला खरचटलंसुद्धा नाही. कॅन मात्र उलटा झाला, टोपी उडाली आणि पांढऱ्या धुराचा लोट रस्त्यावर पसरला. म्हैस तो धूर बघत शांतपणे उभी होती म्हणे.

गाडी केटीएम ३९० ॲडव्हेंचर, २०२५ चं मॉडेल. तीन मोड आहेत: स्ट्रीट, रेन आणि ऑफरोड. पुढच्या फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांच्या शॉकअपला) कॉम्प्रेशन (दबताना होणारा विरोध) आणि रिबाउंड (दबल्यावर परत वर येण्याचा वेग) दोन्ही फिरवता येतात, मागच्या शॉकअपला रिबाउंड आणि प्रीलोड (रिंग आवळून स्प्रिंगला आधीच दिलेला दाब). चाकाचा प्रवास, म्हणजे चाक वर-खाली सरकू शकतं ते अंतर, पुढे २०० मिलिमीटर, मागे २०५. वरंध्याच्या रस्त्याला याहून जास्त काही लागत नाही. तरी दादाची तक्रार अशी: गाडी दगडासारखी कडक आहे, कंबर गेली, आणि वळणात पुढचं चाक ऐकत नाही.

मी शॉकअपची कामं करतो. सील बदलणं, ऑइल बदलणं, कुणाची सेटिंगं बिघडलेली लावून देणं. दादाला म्हटलं, गिऱ्हाईक नंतर बघू, आधी मी येतो.

गाडीला हात लावण्याआधी

भोरला पोचल्यावर पहिला अर्धा तास मी पान्याला हात लावला नाही. नुसतं विचारलं आणि बघितलं. बहुतेक प्रकरणांत रोग इथेच कळतो, स्क्रू फिरवणं हा फक्त औषधाचा भाग.

पहिला प्रश्न मोडचा. दादा म्हणाला, "ऑफरोडवरच असते कायम. रस्ता बघितलास ना? हा काय स्ट्रीट आहे?" एबीएससुद्धा (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) ऑफरोडवर. इग्निशन बंद केलं की ते परत रोडवर येतं, पण हा पठ्ठ्या प्रत्येक वस्तीवरून निघताना आठवणीने बटण दाबून पुन्हा ऑफरोड करत होता. त्याचा अर्थ त्याला विचारला तर, "खराब रस्त्याचं सेटिंग."

नावामुळे होणारा हा घोटाळा मी दर महिन्याला एकदा तरी बघतो. ऑफरोड एबीएसमध्ये मागच्या चाकाचं एबीएस बंद असतं. मातीवर, मुरमावर, सरळ उतारावर त्याचा उपयोग आहे, कारण तिथे जाम झालेलं चाक पुढे मातीचा ढीग जमवून गाडी थांबवतं. डांबरावर सांडलेली खडी ही वेगळीच गोष्ट. खाली टणक, वर सुटे दाणे, म्हणजे बॉलबेअरिंगवर उभं राहिल्यासारखं. तिथे मागचं चाक जाम झालं की ते बाजूला पळतं. शुक्रवारी नेमकं हेच झालं होतं. आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं, आणि दादा पैसे देऊन मिळालेलं एबीएस दिवसातून आठ वेळा स्वतःच्या हाताने बंद करत होता.

दुसरा प्रश्न, शॉकअपला कुणी हात लावला? लावला होता. दोघांनी. गाडीवर सामान नेता म्हणून एका वर्कशॉपने मागची रिंग शेवटपर्यंत आवळून दिली होती आणि "मागून उडू नये म्हणून" मागचा रिबाउंड जवळजवळ पूर्ण बंद केला होता. मग गाडी कडक लागते म्हणून दादाने स्वतः पुढचे दोन्ही स्क्रू सैल करून टाकले, पार टोकापर्यंत. त्याचा हिशोब साधा: आवळलं की कडक, सोडलं की मऊ.

हवा मोजली. पुढे ३८ पीएसआय, मागे ३८. पंक्चरवाल्याने सारखीच भरून दिलेली. कंपनीच्या स्टिकरवरच्या आकड्याशी याचा काही संबंध नव्हता.

आता वजनं. दादा ६१ किलोचा. जॅकेट, बूट, हेल्मेट धरून ६६. कॅन आणि औषधांची पेटी मिळून साधारण १२. हे आकडे महत्त्वाचे आहेत, कारण अशा गाड्यांची स्प्रिंग सहसा दादापेक्षा जाड माणूस डोळ्यांसमोर ठेवून दिलेली असते. हलक्या माणसाखाली तीच स्प्रिंग आधीच ताठ, त्यात रिंग आवळलेली.

टेप काय म्हणाली

गाडी किती बसते, हे मोजल्याशिवाय बाकी काहीही करण्यात अर्थ नसतो. मागचं चाक अधांतरी असताना ॲक्सलपासून सीटच्या खालच्या एका खुणेपर्यंत अंतर घ्यायचं. मग गाडी चाकावर उभी करून. मग माणूस पूर्ण कपड्यांत बसवून, पाय फूटरेस्टवर ठेवून. कुणीतरी समोरून हँडल धरायला लागतं. आमच्याकडे वहिनी होत्या. "सात महिन्यांत पहिल्यांदा या गाडीला हात लावायला दिलाय," असं म्हणत धरलं त्यांनी.

गाडी स्वतःच्या वजनाने बसत होती २ मिलिमीटर. म्हणजे बसतच नव्हती, शॉकअप वरच्या टोकाला ताणून उभा होता. दादा बसल्यावर २९. कॅन आणि पेटी लादल्यावर ४२.

एकूण प्रवास २०५. माणूस बसल्यावर त्याचा साधारण ३० टक्के भाग खर्च व्हायला हवा, म्हणजे साठच्या आसपास. हा खर्च वाया जात नाही. चाकाला वर सरकायला जशी जागा लागते तशीच खाली उतरायलाही लागते. खड्डा आला की चाकाने खाली उतरून जमीन धरली पाहिजे. दादाच्या गाडीला एकटं चालवताना खाली उतरायला २९ मिलिमीटरच शिल्लक होते. त्याहून खोल खड्डा आला की चाक लटकायचं, गाडी पडायची आणि पलीकडची कड थेट कंबरेत.

इथे प्रीलोडबद्दल एक गैरसमज काढून टाकतो, तो माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांना असतो. रिंग आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही. स्प्रिंग तीच राहते, फक्त गाडी वर उचलली जाते. फळी तीच, तिच्याखालचा ठोकळा उंच केला, इतकंच. दादाला जो कडकपणा वाटत होता तो स्प्रिंगचा नव्हताच. अर्धा होता चाक लटकून आपटण्याचा आणि अर्धा रिबाउंडचा.

रिबाउंडचं बघायला सीट दोन्ही हातांनी दाबून सोडून दिली. चांगली लावलेली गाडी एका दमात वर येते आणि थांबते. ही येत होती तशी, जसं गुडघेदुखीचं माणूस भारतीय बैठकीवरून उठतं. एक खड्डा असेल तर चालून जातं. लागोपाठ पाच ठिगळं आली की पहिल्यावर दबलेला शॉकअप वर यायच्या आत दुसरं येतं, तो आणखी दबतो, मग तिसरं. पाचव्या ठिगळापर्यंत प्रवास संपलेला असतो आणि माणूस जणू लोखंडी नळीवर बसलेला असतो. दादा म्हणाला होता, "पहिला खड्डा काही नसतो रे, पुढचे मारतात." त्या एका वाक्यात निदान होतं. त्याला ते निदान वाटलं नाही, मला वाटलं.

पुढे उलटं चित्र. दोन्ही स्क्रू उघडे, म्हणजे फोर्क मऊ आणि चपळ. ब्रेक मारला की नाक जमिनीकडे, सोडला की उसळी. फोर्कच्या चकचकीत नळीवर मी एक प्लॅस्टिकची टाय सैलसर बांधली, वरच्या सीलला चिकटवून. फोर्क दबला की सील तिला खाली ढकलत नेतं, आणि परत आल्यावर ती जिथे थांबली असेल तिथपर्यंत प्रवास झाला असं समजायचं. पाच रुपयांची टाय. दादाला एक चक्कर मारून यायला सांगितलं. आला तेव्हा टाय नळीच्या तळाला टेकलेली होती. म्हणजे फोर्क शेवटपर्यंत आदळत होता.

मागून उंच आणि सुस्त, पुढून मऊ आणि उड्या मारणारी. वळणात पुढचं चाक ऐकत नाही ही तक्रार त्यातूनच.

एका वेळी एकच

धरणाच्या कडेचा साडेचार किलोमीटरचा तुकडा ठरवला. त्यात ठिगळं होती, दोन गावठी गतिरोधक होते, एक चढाचं खडीचं वळण होतं आणि एक फुटलेली मोरी. दर वेळी तोच तुकडा, तोच वेग, कॅन बांधलेला, आणि दर फेरीला एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने काय झालं हे देवालाही सांगता येत नाही.

पहिली फेरी फक्त हवेची. टायर थंड असताना स्टिकरवरच्या आकड्यावर आणली. दादा परत आला आणि म्हणाला, "झालं की! एवढंच होतं?" एवढंच नव्हतं, पण खडबडीत पृष्ठभागाची बारीक थरथर त्याने गेली होती. टायर हा पहिला शॉकअप आहे, आणि तो फुकट आहे.

दुसरी, मागची रिंग. हूक-पान्याने सोडत आणली, मधे मधे मोजत. इथे निर्णय घ्यायचा होता. एकट्या दादाला धरून साठपर्यंत बसवली असती तर कॅन लादल्यावर ती सत्तरच्या वर गेली असती आणि खड्ड्यात आदळली असती. दादा आठवड्यातले पाच दिवस कॅन नेतो. म्हणून कॅनसकट मोजूनच लावली. शेवटी आकडे आले: रिकामी गाडी १७, दादासह ५१, कॅनसह ६४. एकट्याला थोडी ताठ, कामाला बरोबर. रिंगेच्या जागी पांढऱ्या मार्करने खूण केली.

तिसरी, मागचा रिबाउंड. स्क्रू आधी हलक्या हाताने पूर्ण बंद करायचा (जोर लावला तर सुई बसते आणि मग ते माझ्याकडे येतं) आणि तिथून उघडताना क्लिक मोजायचे. एकूण २० च्या घरात असतात. दादाचा होता ३ वर. ७ वर नेला, फेरी. १० वर, फेरी. १३ वर आणल्यावर दादा न बोलता गाडी वळवून पुन्हा त्याच तुकड्यावर गेला. १५ वर गतिरोधकानंतर सीट ढुंगणाला लाथ मारायला लागली, म्हणून परत १३.

मग पुढचा फोर्क. डाव्या नळीवर पांढरा स्क्रू, तो कॉम्प्रेशनचा. उजव्या नळीवर तांबडा, रिबाउंडचा. दोन्हींना ३०-३० क्लिक. रिबाउंड बंद करून १६ उघडा ठेवला, तेव्हा ब्रेकनंतरची उसळी गेली. कॉम्प्रेशन २० वर. मधल्या सेटिंगपेक्षा मऊच, कारण माणूस हलका. टाय आता तळापासून २४ मिलिमीटर वर थांबायला लागली. सगळ्यात वाईट मोरीवर एवढं शिल्लक राहिलं तर बस, त्याहून जास्त शिल्लक ठेवणं म्हणजे पैसे देऊन घेतलेला प्रवास न वापरणं.

दादाने विचारलं, पुढचं आणखी सोडलं तर आणखी मऊ होणार नाही का? त्याचं उत्तर गतिरोधकांत आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या नियमातला गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. ताशी २५ च्या वेगाने चाकाला तो ओलांडायला अर्धा सेकंद लागतो. आपल्या गावातले गतिरोधक एका उत्साही सदस्याने आणि दोन घमेली डांबराने तयार झालेले असतात, उंची तेवढीच आणि रुंदी हातभर. तो ओलांडायला सेकंदाचा दहावा हिस्सासुद्धा पुरा लागत नाही. पहिल्यावर फोर्क सावकाश दबतो, दुसऱ्यावर गोळीसारखा. बाहेरचे हे स्क्रू मुख्यतः सावकाश हालचालीवर, म्हणजे ब्रेक, वळण, मोठ्या लाटांवर चालतात. धारदार कडेच्या वेळी तेल वेगळ्या वाटेने, आतल्या पातळ चकत्या वाकवून जातं, आणि त्या चकत्या बाहेरून फिरवता येत नाहीत. म्हणून कॉम्प्रेशन पार उघडून धारदार कड काही मऊ होत नाही, फक्त ब्रेकला गाडी नाक खुपसते. कडेला औषध तीनच: हवा बरोबर ठेवणं, चाकाला खाली उतरायला जागा देणं, आणि फूटरेस्टवर थोडं उठून गुडघे सैल सोडणं. शेवटचं दादाला वयाच्या बावन्नाव्या वर्षी शिकवावं लागलं. "लोक काय म्हणतील, डॉक्टर उभा राहून गाडी चालवतो."

पाऊस नसताना रेन

मोड मी मुद्दाम शेवटाला ठेवले होते, कारण गाडीचं चाक जमिनीला टेकलेलं राहत नसेल तर कुठलाच मोड नीट चालत नाही.

ऑफरोड काढला, एबीएस रोडवर. स्ट्रीटमध्ये फेरी केली. पहिल्या-दुसऱ्या गिअरला, खड्ड्यांत, गाडी आचके देत होती. हे इंजिनाचं दुखणं नाही. खड्डा आला की मनगट हलतं, मनगट हललं की रेस हलते, स्ट्रीटमध्ये रेसला इंजिन चटकन उत्तर देतं, त्या झटक्याने मनगट पुन्हा हलतं. माणसाला वाटतं गाडी अंगात आल्यासारखी करतेय, आणि रेस तर तोच देत असतो.

मी म्हटलं, "दादा, रेन लाव."

"पाऊस कुठाय?"

"लाव तर."

"अरे डिसेंबर येईल आठ दिवसांत. रेन कशाला?"

रेनमध्ये रेसला मिळणारं उत्तर सौम्य असतं. मनगट हललं तरी गाडी लगेच उडी मारत नाही, आणि ती साखळी तिथेच तुटते. तुटक्या डांबरावर, ताशी ४० च्या खाली, कोरड्या हवेत मी बहुतेकांना रेनच सांगतो. नाव पावसाचं असलं तरी काम मनगटाचं आहे. दादाने फेरी मारली, परत आला, हेल्मेट काढलं आणि गाडीकडे संशयाने बघत राहिला.

रेनला एक तोटा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. त्यात ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरून फिरायला लागलं की इंजिनाची ताकद कमी करणारी यंत्रणा) जास्त दक्ष असतं. चढाच्या खडीच्या वळणावर चाक जरा घसरलं की ते ताकद कापतं, आणि चढावर नको त्या क्षणी गाडी मरगळते. वाघजाईच्या देवळाकडे चढताना दोन ठिकाणी हे जाणवलं. तिथे आम्ही उलटं केलं: चढाला लागण्याआधी स्ट्रीट. ऑफरोड मोड उरला फक्त शेवटच्या मातीच्या फाट्यांसाठी, जिथे डांबर संपतं आणि मुरूम सुरू होतो. तिथेही एबीएस ऑफरोड करायचं की नाही हे उताराकडे बघून. वळणाचा उतार असेल तर नको, असं माझं मत. दादाने ते मान तुकवून स्वीकारलं.

या सगळ्यात मला सर्वांत आवडलेली गोष्ट डॅशबोर्डवरच्या ट्रॅक्शन कंट्रोलच्या दिव्याची. जुन्या सेटिंगवर, सकाळच्या पहिल्या फेरीत, मी दादाला फक्त एकच काम दिलं होतं: दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोज. त्या वेळी तो मोडात होता ऑफरोडच्या, जिथे चाकाला घसरायची सूट जास्त असते, तरी अकरा वेळा. संध्याकाळी स्ट्रीटमध्ये, जिथे सूट कमी, तोच तुकडा, चार वेळा. कारण असं: चाक ठिगळावरून उडालं की क्षणभर हवेत असतं, हवेत रेस मिळाली की ते भरभर फिरतं, आणि कॉम्प्युटरला वाटतं चाक घसरलं. तो ताकद कापतो. म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल ज्याला घसरणं समजत होतं त्यातलं बरंचसं घसरणं नव्हतं, मागचा शॉकअप चाकाला जमिनीवर परत आणत नव्हता, इतकंच. ब्रेकचंही असंच. उडणाऱ्या चाकावर एबीएस ब्रेक सोडत राहतं आणि गाडी लांब जाऊन थांबते, मग लोक एबीएसला शिव्या घालतात आणि बंद करतात. दादा त्याच वाटेने गेला होता.

त्यानंतरचं

दोन चुका माझ्याकडून राहिल्या. मागून गाडी बावीस मिलिमीटर खाली आली, हे मला माहीत होतं, पण त्याचे परिणाम दादाला सांगायचे राहिले. त्याच संध्याकाळी एका गोठ्यापुढे, जरा उलट उताराच्या जागी, त्याने साइडस्टँड लावला आणि गाडी पडता पडता राहिली. मागून खाली आलेली गाडी स्टँडवर जास्त उभी राहते, तिला कलायला जागा उरत नाही. आता तो स्टँड लावताना चाकाखाली बघतो.

दुसरी हेडलाइटची. मागून बावीस मिलिमीटर खाली, दोन चाकांत दीड मीटरच्या आसपास अंतर, म्हणजे पंचवीस मीटरवर प्रकाश फूटभराहून जास्त वर. दोन दिवस समोरून येणारा प्रत्येक जण डोळ्यांवर अपर मारत होता आणि दादाला वाटत होतं ओळखीचे लोक आहेत. एक स्क्रू फिरवून ते ठीक झालं.

कंबर पूर्ण बरी झालेली नाही. रस्ता तोच आहे. वहिनींना मागे बसवून महाडला जायचं असेल तर रिंग पुन्हा आवळावी लागते, मी दुसरी खूणही करून दिलीय, तांबड्या मार्करने. तो हूक-पाना काढायचा कंटाळा करतो आणि दोघं बुड आपटत जातात. त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

सेटिंगचे आकडे दादाने लसीकरणाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेत, लाळ्या-खुरकुताच्या डोसांच्या खाली. मला फोटो पाठवला होता: पुढे डावा २०, उजवा १६, मागे १३, हवा स्टिकरप्रमाणे, दर सोमवारी. खाली वेगळ्या पेनने, "तुटकं डांबर = रेन. चढ = स्ट्रीट. माती = ऑफरोड. एबीएसला हात लावू नये."

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा फोन आला, सकाळी साडेसहाला. "परत कडक झाली रे." मी विचारलं, थंडी किती आहे? खोऱ्यात धुकं होतं, हात बधिर झाले होते त्याचे. शॉकअपमधलं तेलही थंडीत घट्ट होतं, रिबाउंड सुस्तावतो. म्हटलं, पाच-सात किलोमीटर चालव, तेल तापू दे, मग सांग. तरी तशीच वाटली तर मागे एक क्लिक उघड, आणि लिहून ठेव.

साडेआठला मेसेज आला. गाडीबद्दल एक अक्षर नव्हतं. कालवडीचा फोटो होता, तासाभरापूर्वी जन्मलेल्या, अजून ओल्या.